झोपेत चालणं वेगळं, हे वेगळं

साठीतले वडील पहाटे झोपेत ओरडतात, लाथा झाडतात, परवा आईला गुद्दा बसला, असं वर लिहिलंय. त्यावर 'झोपेत चालण्यातलाच प्रकार, दुर्लक्ष करा' असा सल्ला आलाय. कृपया दुर्लक्ष करू नका. हा 'आरईएम स्लीप बिहेव्हियर डिसऑर्डर', म्हणजे स्वप्न पाहताना हातपाय खरोखर हलण्याचा विकार असू शकतो.

झोपेत चालणं बहुधा लहानपणी आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरात, गाढ झोपेत होतं. सकाळी काही आठवत नाही. इथे उलट. उत्तररात्री स्वप्नांची झोप वाढते. त्या वेळी मेंदूचा खोडाकडचा भाग हातापायांचे स्नायू शिथिल ठेवतो, म्हणून आपण स्वप्नात धावलो तरी अंथरुणातच असतो. ही यंत्रणा बिघडली की स्वप्नातली मारामारी खरोखर होते. जागं केल्यावर माणूस बरेचदा स्वप्न सांगतोही. फ्रान्सचे झोप-संशोधक मिशेल जूव्हे यांनी साठच्या दशकात मांजरांच्या मेंदूतला तो भाग निकामी केला, तर ती झोपेतच नसलेल्या भक्ष्यावर झडप घालू लागली! माणसांतला हा विकार १९८६ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या शेंक आणि माहोवाल्ड या डॉक्टरांनी मांडला.

काही अँटीडिप्रेसंट गोळ्यांनीही हे सुरू होतं, तेव्हा चालू औषधांची यादी न्या. पण उतारवयात ही पार्किन्सन्सची (कंपवाताची) कित्येक वर्षं आधीची खूण असू शकते. म्हणून न्यूरॉलॉजिस्टच हवा. वास कमी येणं, बद्धकोष्ठता असेल तर तेही सांगा. निदान रात्रभराच्या झोप-तपासणीने होतं; मेलाटोनिन किंवा क्लोनाझेपाम या औषधांनी त्रास बराच आटोक्यात येतो, मात्र डॉक्टरांना विचारूनच. तोवर आईंना वेगळं झोपू द्या, गादी जमिनीवर घाला, उशाजवळचं काचेचं सामान आजच हलवा.