फायनल फँटसी सात : क्लाउडचं लिमिट भरतच नाही, काय गंडलंय?

कर्जत_लोकल

नमस्कार मंडळी. जाणकारांनी जरा मार्गदर्शन करा.

फायनल फँटसी सात फोनवर खेळतोय. रीमेक नव्हे, १९९७ चा मूळ खेळ, तो ठोकळ्यांसारख्या हातापायांचा. बदलापूरला चुकून बसायला जागा मिळाली की दादरपर्यंत हाच उद्योग. आता निबेल पर्वतावर मटेरिया कीपर म्हणून तो ढीगभर पायांचा किडा आहे, त्याच्यापाशी पार अडकलोय.

मूळ तक्रार लिमिट ब्रेकची, म्हणजे पट्टी भरली की मारता येणाऱ्या खास फटक्याची. मिडगारमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या शहरात होतो तेव्हा नायकाची, क्लाउडची पट्टी दोन-तीन फटक्यांत भरायची. आता अर्ध्यावरसुद्धा जात नाही. आणि जेव्हा भरते तेव्हा नेमकी फालतू किड्यामुंग्यांच्या लढाईत भरते. अटॅक गायब होऊन तिथे लिमिट येतं, मग झक मारत तेच वापरावं लागतं. बॉससमोर पुन्हा शून्य.

टीममध्ये क्लाउड, टीफा आणि नुकताच शवपेटीतून उठवलेला व्हिन्सेंट. तिघांनाही मागच्या रांगेत ठेवलंय, मार कमी लागावा म्हणून. क्लाउडला ट्रँक्विलायझरही दिलंय, त्यानेही मार कमी लागतो असं वाचलं होतं. लिमिट लेव्हल दोनवर लावलंय.

काल शेवटी व्हिन्सेंटचं लिमिट भरलं. तो जनावर झाला, मी खूश झालो, आणि त्याने बॉसवर आग ओकली. बॉसच्या अंगावर हिरवे आकडे! जखमा भरून आल्या त्याच्या! हा खेळ फसवतोय का?

---

सोपं_करा_राव

फोनवरच्या आवृत्तीत पात्रांची ताकद थेट कमाल करायची सोय आहे. ती लाव, किडा मार, पुढे जा. दादर यायच्या आत संपेल.

---

मधलीसुट्टी

वरच्या प्रतिसादाकडे लक्ष देऊ नकोस. तुझा खेळ अगदी नियमाप्रमाणे चाललाय.

एक गोष्ट आधी पक्की डोक्यात बसव. या खेळात लिमिटची पट्टी *मार खाल्ल्यावर* भरते. मारल्यावर नाही, वेळ गेल्यावर नाही, नशिबाने तर नाहीच. आणि किती भरते ते तुझ्या एकूण एचपीच्या (जीवाच्या) मानाने ठरतं. ३०० एचपीच्या क्लाउडला १०० चा फटका बसला तर तिसरा हिस्सा जीव गेला, पट्टी सणसणीत वर जाते. तोच १०० चा फटका १५०० च्या क्लाउडला बसला तर काय हलणार ती? मिडगारमध्ये पटापट भरायचं त्याचं पहिलं कारण हे. एचपी प्लस मटेरिया (एचपी वाढवणारा मणी) लावला असशील तर आणखीनच हळू.

आता तू स्वतः काय काय करून ठेवलंयस ते बघ. मागची रांग, म्हणजे शारीरिक मार निम्मा. मार निम्मा तर पट्टीची वाढही निम्मी. वर क्लाउड आणि टीफा दोघं हातघाईवाले, त्यांचा स्वतःचा फटकाही मागून निम्माच बसतो. मागे उभं राहायचा हक्क फक्त व्हिन्सेंटचा, कारण बंदुकीला रांगेचा फरक पडत नाही.

मग ट्रँक्विलायझर. मेनूत क्लाउडच्या नावाजवळ सॅडनेस लिहिलेलं दिसत असेल. त्याने मार ३० टक्के कमी लागतो हे तू वाचलंस ते खरं, पण पुढची ओळ राहिली: लिमिट भरायचा वेग निम्मा होतो. आणि ही अवस्था लढाई संपली तरी जात नाही, सराईत झोपलं तरी जात नाही. तू कोरेलपासून हे ओझं घेऊन फिरत असशील तरी मला नवल वाटणार नाही.

तिसरं, लेव्हल दोन. वरच्या लेव्हलची पट्टी मुळातच जड असते, जास्त मार खाल्ल्याशिवाय भरत नाही. बरं, लेव्हल दोनचा ब्लेड बीम हा घोळक्यासाठी आहे: एकाला लागतो आणि फुटून बाकीच्यांकडे जातो. समोर एकटा किडा असेल तर फुटणार कुठे? एकट्या बॉसवर लेव्हल एकचा क्रॉस-स्लॅश बरा पडतो आणि पट्टी लवकर भरते. लेव्हल दोनचाच क्लाइमहॅझर्ड मिळाला असेल तर गोष्ट वेगळी, मग दोनवरच राहा. फक्त लेव्हल बदलायची तर आत्ता बदल, पट्टी रिकामी असताना. बदललं की साठलेलं सगळं शून्यावर जातं. बॉसच्या दारात उभं राहून बदलणारे लोक मी पाहिलेत, आमच्या घरातच एक आहे.

आता उपाय. क्लाउडला पुढच्या रांगेत आण. हायपर दे, १०० गिलला मिळतं. पहिलं हायपर सॅडनेस काढेल, दुसरं फ्युरी लावेल. फ्युरीत पट्टी दुप्पट वेगाने भरते. निशाणा बिघडतो, साधे वार हुकायला लागतात, पण तुला त्याच्याकडून साधे वार नकोच आहेत. आणि मिडगारच्या पाचव्या सेक्टरमध्ये आपल्या टीममधल्या एअरिथच्या घरामागच्या बागेत कव्हर मटेरिया होता, उचलला होतास ना? तो क्लाउडला लाव. पहिल्या लेव्हलला २० टक्के वेळा तो दुसऱ्याचा मार स्वतःच्या अंगावर घेतो, मटेरिया वाढला की शंभरापर्यंत जातं. म्हणजे टीफावर येणारा फटकाही क्लाउडच्या पट्टीत जमा. फ्युरी आणि कव्हर एकत्र लावलेला क्लाउड बघितलास की हा पूर्वीचाच गडी का असा प्रश्न पडेल. दर दोन-चार पाळ्यांनी लिमिट. मधे तू मलमपट्टी करत राहा. जीव भरला म्हणून पट्टी उतरत नाही, तेव्हा बिनधास्त बरं कर.

साठवायचं कसं, तेही सांगते. पट्टी भरली की अटॅकच्या जागी लिमिट येतं, पण बाकीचे पर्याय कुठे जात नाहीत. जादू वापर. किंवा गोंगागाच्या जंगलातला डेथब्लो मटेरिया लाव, ती वेगळी कमांड असल्याने तलवारही चालते आणि लिमिटही शाबूत राहतं (फ्युरीत मात्र नको, तो आधीच हुकण्यात पटाईत आहे). काहीच नसेल तर कमांडच्या चौकटीत उजवीकडे दाब, डिफेंड येतं. बाकीच्या दोघांना लढू दे. भरलेली पट्टी पुढच्या लढाईत तशीच येते. तिघांची भरून किड्यासमोर जा आणि पहिल्या तीन पाळ्यांत तिन्ही फोड. त्याचा एचपी ८४०० आहे, निम्म्याची वाट तिथेच लागेल.

व्हिन्सेंटचं म्हणशील तर त्याने काही फसवलेलं नाही. मटेरिया कीपर आग *शोषतो*. आणि व्हिन्सेंटचं पहिलं लिमिट गॅलियन बीस्ट, त्याच्याकडे दोनच चाली: बर्सर्क डान्स आणि बीस्ट फ्लेअर. दुसरी आगीची. रूप बदललं की लगाम तुझ्या हातात राहत नाही. लढाई संपेपर्यंत किंवा तो पडेपर्यंत त्याच्या मनाला येईल ते करतो. बदलताना एचपी पूर्ण भरतो ही एक चांगली बाजू. पण या बॉसला त्याला घरी ठेव, किंवा घेतलास तर त्याचं लिमिट दाबूच नकोस. आगवाला इफ्रीतही बोलावू नकोस, फायर २ पण नको. बर्फ चालव.

---

ऑरावाला

सगळं मान्य, पण साठवून ठेवणं मला कधीच पटलं नाही. भरलेल्या पट्टीवर पडणारा प्रत्येक फटका फुकट गेला ना? वापरलं असतं तर दुसरी भरायला लागली असती. शिवाय पुढची लिमिटं वापरल्याशिवाय मिळतच नाहीत. ब्रेव्हर ८ वेळा वापरला तर क्रॉस-स्लॅश, ब्लेड बीम ७ वेळा तर क्लाइमहॅझर्ड. कंजूषपणा करणारा शेवटपर्यंत ब्लेड बीमच करत बसतो.

खरं तर आठवा भाग (१९९९) याबाबतीत उजवा होता. तिथे पट्टीच नाही. जीव तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उतरला की लिमिट यायची शक्यता, आणि जितका मरणाजवळ तितकी जास्त. मुद्दाम जखमी राहून खेळायचं, धाकधूक वेगळीच. नाहीतर ऑरा ही लिमिट आणणारी जादू मारायची. आणि दहाव्यात (२००१) तर पट्टी कशाने भरावी हे आपणच ठरवायचं: स्वतः मार खाऊन, सोबत्याला मार बसला म्हणून, की आपण दुसऱ्याला मारून.

---

मधलीसुट्टी

@ऑरावाला, वापरून शिकायचं हे बरोबर, म्हणूनच वाटेत खर्च करायचं आणि बॉसच्या आधीच्या टप्प्यातच साठवायचं. दोन्ही जमतं. आणि आठव्यात एक बटण दाबून पाळी फिरवत राहिलं की लिमिट येईपर्यंत फासे टाकता यायचे, त्याला धाकधूक म्हणतोस? मला सातवा आवडतो तो याचसाठी की इथे हिशोब उघडा आहे. कुणी किती सोसलं ते पट्टीवर दिसतं. दहाव्याबद्दल वाद नाही.

@कर्जत_लोकल, लिमिटची लेव्हल कशी वाढते हे तू विचारलं नाहीस, पण आत्ताच कळलेलं बरं. ते बळींवर आहे आणि प्रत्येक पात्राचं खातं वेगळं. शेवटचा घाव ज्याचा, बळी त्याचा. क्लाउडला लेव्हल दोनसाठी १२० लागतात, तिथून तीनसाठी आणखी ८०. म्हणून सगळी कत्तल एकट्या क्लाउडकडून करून घेतलीस तर टीफा वॉटरकिकशिवायच म्हातारी होणार. सातव्या सेक्टरच्या बिगिनर्स हॉलमध्ये ऑल मटेरिया (जादू सगळ्यांवर एकदम चालवणारा) होता, तो एखाद्या जादूला जोड आणि टीफाला दे. निबेलवर क्युव्हिल्डन्स झुंडीने येतात, एका फटक्यात पूर्ण झुंड तिच्या खात्यात.

टीफाच्या लिमिटमधल्या चक्रांबद्दलही सांगते. मिस, हिट, येह असं जे फिरतं ना, त्यात नशीब नाही. चक्र ठरावीक लयीत फिरतं, डोळा सरावला की येह पकडता येतं. लोकलमध्ये गर्दीत कोपर लागेल त्याला माझा इलाज नाही. आणि दर नव्या लिमिटला आधीची सगळी साखळीत लागतात, त्यामुळे तिचा जोर पुढे पुढे वाढतच जातो.

शेवटचं, एअरिथला बाजूला बसवून ठेवू नकोस. तिचं चौथं लिमिट ग्रेट गॉस्पेल पहिल्या डिस्कमध्येच, म्हणजे खेळाच्या पहिल्या भागातच मिळवायचं. जुनॉनजवळच्या गुहेत एक झोपाळू माणूस आहे. तुझ्या एकूण लढायांच्या आकड्याचे शेवटचे दोन अंक सारखे आणि विषम असतील, म्हणजे ११, ३३, ५५ असे, तर तो मिथ्रिल देतो. टायनी ब्रॉन्को हे विमान हाताशी आलं की मिथ्रिल घेऊन गोंगागाजवळच्या शस्त्रविक्याकडे जा, त्याच्या घरातल्या पेटीत लिमिटची पोथी आहे. पहिल्याच डिस्कमध्ये का, ते विचारू नकोस. आणि बाकीच्यांनीही कृपया इथे लिहू नका, पोरगा पहिल्यांदा खेळतोय.

---

सोपं_करा_राव

तो पहिल्यांदा खेळतोय हे मला माहीत नव्हतं. माझा सल्ला मागे. बाकी मधलीसुट्टीताईंना दंडवत.

---

कर्जत_लोकल

पडला! कल्याणच्या पुढे सुरू केलं, ठाणं यायच्या आत खलास.

व्हिन्सेंटला बसवून एअरिथला आणलं. क्लाउड पुढे, दोन हायपर, कव्हर (उचललेला होता, कुणालाच लावला नव्हता). वाटेतल्या झुंडींमध्ये तिघांच्या पट्ट्या भरून घेतल्या. सुरुवातीलाच क्रॉस-स्लॅश, टीफाची दोन चक्रं येहवर, तिसरं मिसवर, कारण शेजारच्या काकांनी नेमकी तेव्हाच बॅग खाली काढली. मधे त्याने सगळ्यांवर विजेचं काहीतरी त्रिकोणी मारलं, एअरिथ जेमतेम वाचली. पण तेवढ्याने तिघांच्याही पट्ट्या जवळजवळ भरल्या. दुसरा क्रॉस-स्लॅश बसला आणि कार्यक्रम आटोपला.

एक शंका. ओम्निस्लॅश म्हणून क्लाउडचं चौथं लिमिट आहे ना? गोल्ड सॉसरच्या बॅटल स्क्वेअरमध्ये मिळतं म्हणे. आत्ताच जाऊन घेऊ का?

---

ऑरावाला

ते त्रिकोणी म्हणजे ट्राइन. एनिमी स्किल मटेरिया (शत्रूच्या चाली शिकवणारा) लावलेला असता तर तुलाही शिकता आलं असतं. असो, पुढे संधी आहे.

ओम्निस्लॅशसाठी घाई नको. पहिल्या डिस्कवर त्याची किंमत ५१,२०० बीपी (तिथल्या लढायांचे गुण), दुसऱ्यापासून ३२,०००. शिवाय आधीची सहाही लिमिटं आल्याशिवाय ती पोथी क्लाउडला वापरता येत नाही. तुझा लेव्हल तीनचा मीटिओरेन कुठे आलाय अजून?

---

मधलीसुट्टी

आणि बीपी साठवून ठेवता येत नाहीत. बॅटल स्क्वेअरमधून बाहेर पाय टाकलास की शून्य. एकट्या क्लाउडने सलग आठ लढाया, प्रत्येक लढाईनंतर चक्र फिरवून एकेक अपंगत्व अंगावर घ्यायचं: कधी मटेरिया बंद, कधी विष, कधी बेडूक. ३२,००० जमेपर्यंत पुन्हा पुन्हा, एकाच बैठकीत. बदलापूर ते दादरमध्ये बसणारं काम नाही ते, रविवारी घरी कर. जाताना रिबन घालून जा, बेडकाची कटकट तरी मिटेल.