सीग्रुपची मेमरी: आरएसएसची बेरीज जुळत नाही

प्रश्न: सीग्रुप व्ही२ (लिनक्समध्ये प्रोसेसचे गट करून त्यांचा वापर मोजायची, मर्यादा घालायची सोय) वापरतोय. ग्रुपमधल्या सगळ्या प्रोसेसच्या आरएसएसची (प्रोसेसची रॅममध्ये असलेली मेमरी) बेरीज ४०० एमबी, पण मेमरी.करंट (ग्रुपचा एकूण वापर सांगणारी फाइल) ९०० एमबी दाखवतं. धरायचं कोणतं?

उत्तर १: आरएसएसची बेरीज सोडाच, शेअर्ड पानं (अनेक प्रोसेस मिळून वापरतात ते मेमरीचे तुकडे) प्रत्येक प्रोसेसमागे पुन्हा मोजली जातात. बेरीजच हवी तर पीएसएसची करा, त्यात शेअर्ड पान वापरणाऱ्या प्रोसेसमध्ये वाटून मोजतात. मेमरी.करंटमध्ये पेज कॅश (फायलींची रॅममध्ये ठेवलेली प्रत), कर्नलचे स्लॅब (त्याच्या स्वतःच्या नोंदींची मेमरी), सॉकेट बफर हे सगळं येतं, म्हणून तो फुगलेला वाटतो. मेमरी.स्टॅट उघडा, त्यात फोड मिळेल: अॅनॉन (प्रोसेसची स्वतःची मेमरी), फाइल (पेज कॅश), स्लॅब. करंटमधून इनॅक्टिव्ह_फाइल (अलीकडे न वापरलेली फाइल कॅश) वजा केलं की वर्किंग सेट, म्हणजे खरोखर लागणारी मेमरी. कंटेनर चालवणारं कुबरनेटिसही हेच करतं.

उत्तर २: एक मेख आहे. टीएमपीएफएसमधल्या (रॅममध्येच राहणारी फाइल सिस्टीम) फायली 'फाइल'मध्येच मोजल्या जातात, पण स्वॅप (रॅममधलं डिस्कवर हलवायची जागा) नसेल तर कर्नलला त्या हटवता येत नाहीत. त्यामुळे मेमरी.स्टॅटमधली एसएचमेम ही ओळ वेगळी बघा. शिवाय लायब्ररीचं पान ज्या ग्रुपने आधी वाचलं त्याच्याच खात्यावर पडतं. दुसऱ्या ग्रुपला ते फुकट.

प्रश्नकर्ता: आणि कमाल वापर?

उत्तर १: कर्नल ५.१९ पासून मेमरी.पीक आहे. मर्यादेला किती वेळा धडकलं ते मेमरी.इव्हेंट्समधल्या मॅक्सवरून कळतं, प्रोसेस मारली गेली का ते ओओएम_किलवरून.