मदत हवी आहे: अ‍ॅराबिनोज ओपेरॉनमधला डीएनएचा फास वर्गात कसा समजावू?

नमस्कार मंडळी. नागपुरात बीएस्सीच्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. ओपेरॉन म्हणजे एकत्र चालू-बंद होणारा जनुकांचा गट. त्यातला लॅक ओपेरॉन मुलांना चटकन कळतो. घोडं अडतं ते ई. कोलाय या जिवाणूच्या अ‍ॅराबिनोज (एक साखर) ओपेरॉनपाशी. तिथे एकच प्रथिन, अ‍ॅरासी, जनुकं बंद ठेवणं आणि चालू करणं ही दोन्ही कामं करतं. साखर नसताना त्याचा जोडरेणू (दोन रेणूंची जोडी) एका हाताने डीएनएवरची ओ२ आणि दुसऱ्या हाताने आय१ ही जागा धरतो. मधल्या सुमारे २१० बेसजोड्यांचा फास बसतो आणि जनुकं बंद राहतात. अ‍ॅराबिनोज मिळाली की ओ२ सुटते, आय१ आणि शेजारची आय२ धरली जाते, आणि जनुकं वाचणाऱ्या आरएनए पॉलिमरेजला वाट मिळते. किती देखणी रचना आहे ही!

खरी अडचण पुढे आहे. १९८४च्या प्रयोगांत ओ२ आणि आय१च्या मधे ५ बेसजोड्या घातल्या तर दमन (जनुकं बंद ठेवणं) ढिलं पडलं, ११ घातल्या तर टिकलं. ५ बेसजोड्या म्हणजे डीएनएच्या पिळाचा साधारण अर्धा वेढा, ११ म्हणजे जवळजवळ पूर्ण; अर्ध्या वेढ्याने ओ२ची बाजू उलटी फिरते, इथवर मी सांगते. पण एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, डीएनए थोडा पिळून घेत का नाही?" एवढ्या आखूड तुकड्याला पीळ देणं महागात पडतं, हे दोरी किंवा रबरी नळी घेऊन दाखवता येईल का? आणि फास हजारभर बेसजोड्यांचा असता तर हा फरक पुसट झाला असता ना? कुणी वर्गात करून पाहिलं असेल तर साहित्यासकट सविस्तर लिहा, प्लीज.