कामाच्या वयात पुन्हा वर्गात : शिकलेल्यांचे आणि शिकवणाऱ्यांचे अनुभव

अकरा वर्षं मी एका प्रशिक्षण संस्थेसाठी कारखाने, वाचनालयं आणि शाळा यांच्याशी बोलणी करून मोठ्या माणसांचे वर्ग सुरू करायचं काम केलं. सामंजस्य करारावर सह्या होतात, फोटो निघतात आणि सहा महिन्यांनी निम्म्या वर्गांना कुलूप. कुठला टिकणार याचा माझा ठोकताळा एकच आहे : प्रत्येक भागीदाराचं स्वतःचं काहीतरी खर्ची पडतंय का? कुणाचे कामाचे तास, कुणाची खोली, कुणाचं मशीन. नुसतं नाव देणारा पहिल्या परीक्षेच्या आधीच गायब होतो.

तुमचं काय झालं ते या धाग्यात लिहा. संस्थेचं किंवा मालकाचं नाव नको. माझा ठोकताळा चुकीचा वाटला तर तेही लिहा.

रात्रपाळी

मी सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनचा ऑपरेटर. प्रोग्रॅमिंग शिकायचं होतं, म्हणजे नुसतं बटण दाबण्यातून सुटलो असतो. वर्ग रोज संध्याकाळी सहाला. माझी पाळी दर आठवड्याला बदलते. पहिली असली की जमायचं, दुसरीत मी सहा वाजता मशीनवर आणि तिसरीत डोळे मिटायचे. तीन आठवड्यांतला एकच धड हाती लागायचा. हजेरीपटात माझ्या नावापुढे 'अनियमित' असा शेरा पडला, त्याचा राग अजून आहे.

पुढच्या बॅचला निदेशकांनी, म्हणजे शिकवणाऱ्यांनी, तोच धडा सकाळी आणि संध्याकाळी असा दोनदा घ्यायला सुरुवात केली. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा यावं. कंपनीने पाळीतला अर्धा तास पगारी सोडला, अर्धा तास आम्ही आपला घातला. बाकी काहीच बदललं नाही, पुस्तकही तेच. मी पास झालो.

जुना निदेशक

'दशांश अपूर्णांक' असं फळ्यावर लिहिलं की चाळिशीतली माणसं खिडकीबाहेर बघायला लागतात. शाळेत त्याच धड्याला मार खाल्लेला असतो. म्हणून मी फळा सोडला आणि हातात मायक्रोमीटर दिला, बारीक मापं घ्यायचं उपकरण. थिंबल, म्हणजे त्याचं फिरतं नळकांडं, एक पूर्ण फिरवा, जबडा ०.५ मिमी सरकला. थिंबलवर ५० रेघा. मग एका रेघेला किती? कुणीतरी हळूच म्हणतं, ०.०१. झाला दशांश! मग आपल्याच जॉबचं, म्हणजे बनवलेल्या भागाचं माप घ्यायचं, ड्रॉइंगवरच्या टॉलरन्सशी (मापात चालणाऱ्या फरकाशी) ताडून बघायचं आणि जॉब पास की रिजेक्ट ते स्वतः ठरवायचं.

यात माझं नवीन काही नाही. शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरी यांनी १९६३ साली ब्राझीलमधल्या अंजिकोस इथे सुमारे ३०० कष्टकऱ्यांना ४० तासांच्या वर्गात लिहा-वाचायला शिकवलं, ते त्यांच्याच रोजच्या बोलण्यातले शब्द घेऊन. पण एक सांगतो, तो मायक्रोमीटर संस्थेच्या कपाटात नव्हता, शेजारच्या वर्कशॉपने दिला. कपाटात होते ते मोजणीला काढायला मनाई असलेले, 'तपासणीसाठी राखीव'.

वाचनालयवाली

आम्ही फक्त खोली दिली, असं मला वाटत होतं. खरं तर पहिल्या महिन्यात एक बाई दारापर्यंत येऊन परत जायच्या. विचारलं तर म्हणाल्या, आधी वर्ग शाळेत होता, तिथलं फाटक बघितलं की पोटात गोळा यायचा. इथे निदान पेपर वाचायला आले असं सांगता येतं.

गळती मात्र चालूच होती, आणि कारण अभ्यास नव्हताच. लहान मुलांना ठेवायचं कुठे? मग त्याच वेळेला बाजूच्या खोलीत मुलांसाठी गोष्टींचा तास सुरू केला. अर्जात, अहवालात या तासाला कुठेच रकाना नाही. 'इतर' मध्ये टाकते.

उंच माणूस

आमचा वर्ग प्राथमिक शाळेत. बाक पहिलीच्या मुलांचे. दीड तास गुडघे हनुवटीला. शिकवणं उत्तम होतं, तक्रार नाही.

सहा कामगारांचा मालक

मालकांची बाजू कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. भीती एकच : मी शिकवायचा आणि शेजाऱ्याने जास्त पगार देऊन न्यायचा. सहापैकी दोघं गेलेच. झोंबलं.

नंतर आम्ही तीन छोट्या वर्कशॉपनी मिळून एक निदेशक ठेवला. खर्च तिघांत, आणि पळवापळवी झालीच तर ती आपसात. जर्मनीत कंपनी आणि व्यवसाय-शाळा मिळून शिकवतात, आठवड्यातले तीन-चार दिवस कामावर आणि उरलेले शाळेत. १९६९ पासून त्याला देशभराचा कायदा आहे. ते मुख्यतः तरुणांसाठी, पण मला त्यातली परीक्षेची गोष्ट पटली : परीक्षा ना मालक घेतो ना शाळा, ती उद्योगांच्या चेंबरची (संघटनेची) समिती घेते. त्यामुळे प्रमाणपत्र सगळ्याच मालकांना मान्य. आमच्याकडे मात्र माझं प्रमाणपत्र शेजारी मानत नाही, त्याचं मी मानत नाही.

बावीस वर्षं वेल्डिंग

प्रमाणपत्राचा विषय निघाला म्हणून. माझा सांधा एक्स-रेमध्ये पास होतो. तरी बढतीसाठी कागद हवा, आणि कागदासाठी सुरुवातीपासूनचा पूर्ण कोर्स. पहिल्याच दिवशी मला इलेक्ट्रोड कसा धरायचा ते शिकवलं. शिकवणारा पोरगा माझ्याच हाताखाली उमेदवारी करून गेलेला. दोघंही ओशाळलो.

फ्रान्समध्ये २००२च्या कायद्याने नुसत्या कामाच्या अनुभवावर, परीक्षक मंडळासमोर काम मांडून, पूर्ण पदविका मिळवायची सोय केली. आपण शिकलोय हे मान्य करून फक्त जे येत नाही तेवढंच शिकवा. मला ड्रॉइंग वाचता येत नाही. ते तीन आठवड्यांचं काम होतं, मी दहा महिने बसलो.

माजी समन्वयक

धागाकर्त्यांचा ठोकताळा मला पटत नाही. आमच्याकडे सगळ्यांनी खर्च केला होता : कारखान्याने तास, शाळेने खोली, संस्थेने निदेशक. वर्ग दोन वर्षं छान चालला आणि मग तीन महिन्यांत बंद पडला. का? माझी बदली झाली. कुणाची पाळी कधी बदलते, खोलीची किल्ली कुणाकडे, कुणाच्या घरी आजारपण आहे, हे सगळं माझ्या फोनमध्ये आणि डोक्यात. माझ्या जागी आलेल्याला फक्त फाइल मिळाली. त्या फाइलमध्ये करार होता.

धागाकर्ता

हे माझ्या ठोकताळ्यात बसत नाही, कबूल. माझ्याही दोन बंद पडलेल्या वर्गांची आठवण झाली, तिथेही माणूसच बदलला होता. मी तेव्हा कारखान्याला दोष दिला.

जुना निदेशक, मायक्रोमीटरला किती बैठका लागतात?

जुना निदेशक

दोन. तिसऱ्या बैठकीत त्यांनी माझी शून्य-त्रुटी पकडली, म्हणजे जबडा पूर्ण मिटला तरी माप शून्य दाखवत नव्हतं. आठवडाभर मी ती न बघता मापं सांगत होतो.