भाड्याच्या ऑफिसचा कार्बन हिशेब: युनिट नेमके कुठले धरायचे?

बाणेर_बॅकएंड
१८० जणांची सॉफ्टवेअर कंपनी, बाणेरला भाड्याचं ऑफिस, सर्व्हर सगळे क्लाउडवर. जर्मन क्लायंटने कार्बन उत्सर्जनाचे स्कोप १ (स्वतःचं इंधन आणि गॅसगळती), २ (विकत घेतलेली वीज, थंडावा) आणि ३ (खरेदी, प्रवास वगैरे बाकी सगळं) असे आकडे आणि २०३० चं लक्ष्य मागितलंय. मालकाकडून मेंटेनन्स बिलासोबत महिन्याला साधारण २५,००० युनिट येतात. त्याला गुणक (युनिटमागे किती किलो कार्बन डायऑक्साइड) लावला की झालं का? क्लाउडच्या डॅशबोर्डवर जवळपास शून्य दिसतं, तेच टाकू? एचआरने 'आम्ही २०३० पर्यंत नेट झिरो' हे वाक्य आधीच तयार ठेवलंय.

मीटरवाला
घोळ युनिटमध्येच होतो. मोठ्या इमारतीचं कनेक्शन एचटी (उच्च दाबाचं) असतं आणि महावितरण एप्रिल २०२० पासून एचटीला केव्हीएएचवर बिल लावतं, प्रत्यक्ष वापरलेल्या विजेच्या केडब्ल्यूएचवर नाही. मालक तेच आकडे वाटून देत असेल, तर पॉवर फॅक्टर (केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच) ०.९५ धरला तरी तुमचे युनिट पाचेक टक्के फुगलेले आहेत. सब-मीटरचं (फक्त तुमच्या ऑफिसच्या मीटरचं) केडब्ल्यूएच रीडिंग मागा.

मीटर ड्युअल असेल तर ग्रिड आणि डीजीचे (डिझेल जनरेटरचे) युनिट वेगवेगळ्या रजिस्टरवर असतात. बटण दाबलं की स्क्रीन बदलते. दर महिनाअखेर दोन्हींचे फोटो काढून ठेवा, ऑडिटर तेच मागतो.

ग्रिडला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा गुणक, २०२३-२४ साठी युनिटमागे ०.७२७ किलो. सगळे युनिट ग्रिडचे धरले तर ३ लाख × ०.७२७ = २१८ टन. डीजीसाठी डिझेलच्या लिटरला सव्वातीन युनिट आणि २.६८ किलो धरा, म्हणजे युनिटला ०.८२. जनरेटर मालकाचा असेल तर हे तुमच्या स्कोप २ मध्ये जातं. लोक हमखास स्कोप १ मध्ये टाकतात.

चिलर (इमारतीच्या सेंट्रल एसीचं थंड पाण्याचं यंत्र) मालकाचा आहे का? मग त्याची वीज तुमच्या सब-मीटरवर येतच नाही. बीटीयू मीटरवरून (तो तुम्ही वापरलेला थंडावा मोजतो), नाहीतर क्षेत्रफळाच्या प्रमाणात घ्या. ही सुटली की आकडा देखणा दिसतो, पण खोटा असतो.

स्कोप १ मध्ये उरतो मुख्यतः स्वतःच्या एसीचा गॅस. सर्व्हिसवाला बिलावर नुसतं 'गॅस टॉप-अप' लिहितो. कुठला आणि किती किलो, हे लिहून घ्या. आर-४१०ए चा गुणक २०८८, म्हणजे एक किलो गॅस २०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका; चार किलो भरला म्हणजे आठ टनांच्या वर.

स्कोप_तिसरा
क्लाउडचं शून्य टाकू नका. ते मार्केट-बेस्ड असतं, म्हणजे पुरवठादाराने हरित विजेचे करार आणि प्रमाणपत्रं घेतल्यानंतरचं. लोकेशन-बेस्ड, म्हणजे सर्व्हर जिथे आहेत तिथल्या ग्रिडचा आकडा मागा आणि स्कोप ३ च्या कॅटेगरी १ मध्ये (विकत घेतलेल्या वस्तू-सेवा) धरा. मुंबई-पुण्याच्या रीजनमधले सर्व्हर आपल्याच कोळशाच्या ग्रिडवर चालतात.

लॅपटॉप कॅटेगरी २ मध्ये (भांडवली वस्तू). उत्पादक मॉडेलनिहाय पत्रक देतात. त्यातला निर्मिती आणि वाहतुकीचा भागच घ्या, वापराची वीज स्कोप २ मध्ये आलेली आहे. अकाउंट्सवाले घसाऱ्यासारखं वर्षांवर वाटायला बघतील, तसं चालत नाही. खरेदीच्या वर्षी पूर्ण मोजायचं.

कर्मचाऱ्यांची ये-जा कॅटेगरी ७, कंत्राटी बससुद्धा. 'आठवड्यातून किती दिवस येता' असं विचारलंत तर लोक पॉलिसीतला आकडा लिहितात. दिवस अ‍ॅक्सेस कार्डावरून काढा, सर्व्हेत फक्त वाहन आणि अंतर विचारा.

बाणेर_बॅकएंड
आणि एचआरचं वाक्य?

आधारवर्ष
काढून टाका. एसबीटीआयच्या (कंपन्यांची हवामान-लक्ष्यं तपासणारी संस्था) निकषात नेट झिरो म्हणजे स्कोप ३ धरून साधारण ९० टक्के प्रत्यक्ष कपात, आणि त्यानंतर उरलेलं कायमचं शोषून घेणं. झाडं किंवा विकत घेतलेली कार्बन क्रेडिट कपातीत धरत नाहीत. तापमानवाढ १.५ अंशांवर रोखण्याच्या मार्गासाठी स्कोप १ आणि २ मध्ये दरवर्षी आधारवर्षाच्या (ज्या वर्षाशी तुलना करायची त्या वर्षाच्या) ४.२ टक्के कपात लागते, तेवढंच लिहा. आधारवर्ष २०२०-२१ घेऊ नका. ऑफिसं बंद होती, पुढचं प्रत्येक वर्ष वाढलेलंच दिसेल.

मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये २०३० पर्यंत कार्बन निगेटिव्ह (उत्सर्जनापेक्षा जास्त कार्बन शोषणारं) होण्याचं जाहीर केलं. २०२४ च्या त्यांच्याच अहवालात उत्सर्जन २०२० पेक्षा २९.१ टक्के वाढलेलं होतं. वाढ स्कोप ३ ची: डेटा सेंटरचं स्टील, काँक्रीट, चिप्स. तुमच्याकडे बांधकाम नाही, पण माणसं वाढतात. म्हणून माणशी आकडा द्या, पण एकूण टन लपवू नका.

स्कोप २ कमी करायला महावितरणचा ग्रीन टॅरिफ (हरित विजेचा वेगळा दर) आहे. २०२२ च्या नियमांनुसार १०० किलोवॅटपासून हरित ओपन ॲक्सेसही (दुसऱ्या उत्पादकाकडून थेट हरित वीज) मिळतो. मात्र कनेक्शन मालकाच्या नावावर, त्यामुळे अर्ज त्यानेच करायचा. लीज नूतनीकरणाआधी ही अट आणि केडब्ल्यूएच रीडिंग देण्याची अट, दोन्ही करारात घाला. सही झाल्यावर मालक फोन उचलत नाही.