मदत हवी आहे: सर्व्हिस करताना कंबर धरते, टेनिस पुन्हा कसं सुरू करू?

नमस्कार मंडळी,

वय ४१, उजव्या हाताने खेळतो. आठवड्यातून तीनदा दीड तास टेनिस, बाकी वेळ खुर्चीत बैठं काम. साधारण दोन महिन्यांपूर्वी सर्व्हिस करताना कमरेत उजवीकडे, पट्ट्याच्या रेषेच्या जरा खाली, चमक निघाली. त्या दिवशी तसाच खेळत राहिलो (शहाणपण!). दुसऱ्या दिवशी सकाळी मोजे घालायला पाय वर घेता येईना. बेसिनवर तोंड धुताना एक हात कट्ट्यावर टेकवावा लागायचा.

डॉक्टरांना दाखवलं. पाय उचलून पाहिले, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. नस दबल्याची लक्षणं नाहीत म्हणाले. वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि 'पडून राहू नका, चालत राहा' असं सांगितलं. तीन आठवडे रॅकेटला हात लावला नाही. दुखणं जवळजवळ गेलं. मग एका रविवारी कोर्टवर उतरलो, फोरहँड-बॅकहँड सगळं व्यवस्थित झालं, सर्व्हिसच्या सरावासाठी बॉलची टोपली घेतली आणि चौदाव्या-पंधराव्या बॉलला परत तीच चमक. असं दोनदा झालंय.

गंमत म्हणजे आता पुढे वाकताना काही होत नाही. खाली पडलेला बॉल उचलतो, बुटाची नाडी बांधतो, सगळं जमतं. पण मागे कमान केली की उजवीकडे टोचतं. पाय दुखत नाही, मुंग्या नाहीत.

माझे प्रश्न:
१. सर्व्हिस नेमकी कधी आणि कशी सुरू करायची?
२. एमआरआय करून घ्यावा का? घरच्यांचा आग्रह आहे.
३. कमरेचा पट्टा बांधून खेळलं तर चालेल का?

'टेनिस सोड, कॅरम खेळ' हा सल्ला घरी मिळालेला आहे, तो कृपया परत नको.

प्रतिसाद १

मी यातून गेलोय, त्यामुळे आधी एक उलट प्रश्न. दुखणं सुरू होण्याआधी सर्व्हिसमध्ये काही बदल केला होतात का? माझं दुखणं किक सर्व्ह (बॉलला फिरकी देऊन टप्प्यानंतर उंच उसळवणारी सर्व्हिस) शिकायला लागल्यावर सुरू झालं होतं. किकसाठी टॉस, म्हणजे मारण्याआधी वर फेकलेला बॉल, डोक्यावर किंवा थोडा मागे जातो आणि त्याच्याखाली शिरायला पाठ धनुष्यासारखी ताणावी लागते. एकाच वेळी मागे वाकणं, बाजूला कलणं आणि पिळणं, हे सगळं कमरेच्या खालच्या मणक्यांवर येतं.

आणि धीर सोडू नका. अँडी मरेच्या पाठीवर २०१३ मध्ये शस्त्रक्रिया झाली होती, त्यानंतर २०१६ ला तो विम्बल्डन जिंकला. अर्थात त्याच्यामागे फिजिओंचा ताफा होता, आपल्यामागे फक्त ऑफिसची खुर्ची.

प्रतिसाद २

मी फिजिओथेरपिस्ट आहे. न तपासता निदान करता येत नाही, तरी थोडं लिहितो.

आधी धोक्याच्या खुणा. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत किंवा बैठकीच्या भागात बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ताप, विनाकारण घटलेलं वजन किंवा रात्री झोपू न देणारं दुखणं असेल तरी लवकर दाखवा.

पुढे वाकताना आणि बसल्यावर वाढणारं दुखणं बरेचदा दोन मणक्यांमधल्या चकतीकडे (डिस्क) बोट दाखवतं. तुमचं मागे वाकल्यावर वाढतंय, म्हणजे मणक्यांच्या मागच्या छोट्या सांध्यांवर ताण येत असण्याची शक्यता जास्त. विशीच्या आतला खेळाडू असता तर मणक्याच्या मागच्या कमानीला ताणाने गेलेली बारीक चीर आधी तपासली असती. तुमच्या वयात ती कमी आढळते, पण एका पायावर उभं राहून मागे वाकल्यावर तीव्र कळ येत असेल तर डॉक्टरांना ते जरूर सांगा.

एमआरआयची घाई नको. चाळिशीत काहीही न दुखणाऱ्या अनेकांच्या चकत्या फुगलेल्या दिसतात. तो रिपोर्ट वाचून माणूस अधिकच घाबरतो. पट्टा चार दिवस आधार म्हणून ठीक, पण तो बांधून सर्व्हिस मारू नका.

तुमची खरी अडचण अशी की विश्रांतीने दुखणं थांबलं, पण ताकद वाढली नाही आणि तुम्ही थेट टोपली उचललीत. साइड प्लँक (कुशीवर, कोपरावर शरीर सरळ उचलून धरणं), बर्ड-डॉग (हात-गुडघ्यांवर राहून विरुद्ध हात-पाय लांब करणं) आणि ग्लूट ब्रिज (उताणं झोपून कंबर उचलणं) करा, कमी वेळ पण रोज. सोबत कंबरेच्या वरची पाठ आणि खुबे मोकळे करा. वरची पाठ वळली नाही तर ते वळण कंबर देते. मग भिंतीसमोर सावकाश, नुसत्या हालचालीची सर्व्हिस. नंतर सर्व्हिस लाइनवरून अर्ध्या ताकदीने १०-१५ बॉल, एक दिवस आड. शून्य ते दहाच्या मापावर तीनपर्यंतचं दुखणं चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर यायला हवं. नाही आलं तर एक पायरी मागे.

धागाकर्ता

प्रतिसाद १, तुम्ही वर्मावर बोट ठेवलंत. दुखणं सुरू होण्याआधी महिनाभर मी किक सर्व्हच्याच मागे लागलो होतो, रोज साठ-सत्तर बॉल. हे डॉक्टरांना सांगायचं सुचलंच नाही.

काल फक्त टॉस टाकून पाहिला. रॅकेट बाकावर, बॉल वर फेकायचा आणि जमिनीवर पडू द्यायचा. दहापैकी सात बॉल बेसलाइनच्या मागे, माझ्या डोक्याच्या डावीकडे पडले. साधी सर्व्हिस करतो असं समजून टाकलेले टॉससुद्धा! म्हणजे किकची सवय दुसरीकडेही शिरलीय.

एका पायावर मागे वाकून पाहिलं, दोन्ही बाजूंना. उजवीकडे टोचतं, पण कळ म्हणावी असं नाही. तरीही पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवतो. तोवर किक बंद, टॉस पुढे, आणि साइड प्लँक. उजव्या कुशीवर बावीस सेकंदांत थरथरायला लागतो, डाव्या कुशीवर चाळीस जमतात. हा फरक साधारण किती आठवड्यांत भरून निघतो?