प्रति: बॅचिंग प्लांटसाठी रोडटच शेत
भाऊ, दारव्हा रोडवरचं शेत स्वस्तात भाड्यानं मिळतंय म्हणून काँक्रीट बनवायचा बॅचिंग प्लांट तिथंच टाकायचं म्हणता, पण आधी जेसीबीनं दोनचार खड्डे घेऊन मुरूम किती खाली लागतो ते पाहाच, कारण आपली काळी माती पावसात फुगते अन् उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि 100 टनांचा भरलेला सायलो, म्हणजे सिमेंट साठवायची उंच टाकी, चार पायांवर उभा असतो, एक पाय खचला की तो कललाच समजा. आम्ही आमच्या प्लांटखालची काळी माती पूर्ण काढली, मुरूम 20-20 सेंटीमीटरच्या थरात पाणी मारून रोलरनं दाबला. खर्च झाला, पण चार पावसाळे झाले, काही हललं नाही. आणि शेजारी कपाशी असेल तर ती जागा सोडा भाऊ, फुटलेल्या बोंडावर सिमेंटची धूळ बसली की त्या माणसाच्या कापसाचा भाव जातो.